मोबाइलला जोडायच्या फंडस कॅमेऱ्याला (डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणाऱ्या) भारतात पेटंट मिळेल का?

मिळू शकतं, पण यंत्राला. तपासणीच्या पद्धतीला नाही. पेटंट कायदा, १९७० मधलं कलम ३(आय) निदान आणि उपचाराच्या पद्धती सरळ बाहेर ठेवतं. म्हणजे ‘डोळ्याचा पडदा असा तपासावा’ असा दावा लिहिलात तर तो उडालाच. भिंगांची मांडणी, कॉर्नियावरची चकाकी टाळणारा प्रकाशमार्ग, मोबाइल घट्ट धरणारा क्लिप असं काय नवं केलंय ते लिहा. नुसतं अ‍ॅप असेल तर कलम ३(के), म्हणजे निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारणारं कलम, आडवं येतं.

डॉक्टरांच्या कॉन्फरन्समध्ये स्टॉल लावायची घाई असतेच, पण त्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज टाका. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. संरक्षण अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. बाह्य आकारासाठी डिझाइन नोंदणी वेगळी. आणि हो, पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. त्यासाठी सीडीएससीओचे (केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेचे) नियम पाहा.