पाळी बिघडली ती कोविडने की चवथीच्या गोळ्यांनी?

डिचोलीची 33 वर्षांची एक विवाहिता सप्टेंबर 2022 च्या अखेरीस समुपदेशनाला आली. पाच महिने बाळासाठी प्रयत्न चालू, जुलैत कोविड झालेला आणि तेव्हापासून पाळीचा ताळमेळ नाही. हातात एएमएचचा, म्हणजे अंडाशयातून येणाऱ्या एका संप्रेरकाचा रिपोर्ट: 1.9. लंडनला असलेल्या मामेबहिणीचा आकडा होता 13.5. "मॅडम, कोविडने माझी अंडाशयं पोखरली. तिच्या सातपट कमी आलंय माझं," म्हणाली आणि रडू लागली.

आधी रिपोर्टवरचं एकक पाहिलं. आपल्याकडे एएमएच बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, ब्रिटनमध्ये पिकोमोल प्रति लिटरमध्ये. 1.9 ला 7.14 ने गुणलं की साडेतेरा येतात. दोघी जवळपास सारख्याच! गुणाकार तिनेच केला, दोनदा केला. शिवाय एएमएचवरून स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो, आपोआप दिवस जातील की नाही हे त्यातून कळत नाही. हे रिपोर्टसोबत कुणीतरी सांगायलाच हवं.

मग तिच्या कालनिर्णयावरच्या लाल खुणा. एरवी पाळी 29 दिवसांनी. 22 जूनला आली, 2 ते 5 जुलै 102 ताप, आणि पुढची पाळी थेट 2 ऑगस्टला. ताप आला तो बीज सुटण्याच्या तोंडावर. आजारपणाच्या ताणात मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात, बीज उशिरा सुटतं. त्यानंतरचे चौदाएक दिवस सहसा तेवढेच राहतात, म्हणून सगळी पाळीच पुढे सरकते.

त्यापुढची पाळी 31 ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे नेमकी गणेश चवथीला. घरी पाच दिवसांचा गणपती. म्हणून पाळी पुढे ढकलायला 28 तारखेपासून फार्मसीतून आणलेल्या नॉरएथिस्टेरॉनच्या 5 मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसाला तीन, 4 सप्टेंबरपर्यंत. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव येतोच. 7 तारखेला आला आणि भरपूर आला. या गोळ्यांचं तिला कुणी विचारलंच नव्हतं. बाळासाठी प्रयत्न चालू असताना गर्भधारणेची चाचणी न करता त्या घ्यायच्याच नाहीत, हे तिला स्पष्ट सांगितलं.

अंडाशयाची शंका मात्र अनाठायी नव्हती. विषाणू पेशींवरच्या ज्या एसीई-2 ग्राहकांना (रिसेप्टर्सना) चिकटतो ते अंडाशयातही आहेत. पण वुहानमध्ये 177 कोविड रुग्ण स्त्रियांच्या पाळीच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा साधारण चौघींत एकीची पाळी बदललेली दिसली. संप्रेरकं आणि एएमएच कोविड न झालेल्यांसारखंच होतं, आणि बहुतेकींचं चक्र एक-दोन महिन्यांत जाग्यावर आलं. सासूबाईंचा संशय लशीवर होता. अमेरिकेत सुमारे 4,000 स्त्रियांच्या नोंदींत लशीमुळे चक्र लांबलं ते सरासरी एका दिवसाहून कमी.

बीज मोठं होऊन सुटेपर्यंतचा शेवटचा टप्पाच जवळपास तीन महिन्यांचा. म्हणून तीन पाळ्या नुसत्या लिहून ठेवायला सांगितल्या: पहिला दिवस, किती दिवस, रोज किती पॅड. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासायचं. प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक) सकाळी, शांत बसून झाल्यावर. एफएसएच (बीज वाढवणारं संप्रेरक) करायचंच तर पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही. वाट न बघता बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं ते लागोपाठ दोन तास तासाला एक पॅड भिजलं तर, संबंधानंतर रक्त दिसलं तर, किंवा चाचणी निगेटिव्ह असूनही 90 दिवस पाळी आली नाही तर.

पुढची पाळी 8 ऑक्टोबरला आली, त्यानंतरची 6 नोव्हेंबरला. फेरिटिन मात्र कमी निघालं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या. पस्तिशीच्या आत एक वर्ष प्रयत्न करून मग तपासण्या, हे ती मानायला तयार झाली. एक गोष्ट तिच्या मनातही नव्हती: त्याच आठवड्यात नवऱ्यालाही ताप होता. तापाने शुक्राणू दोन-तीन महिने कमी होऊ शकतात. वर्षभराने वीर्यतपासणी करायची वेळ आलीच तर ती दोन ते सात दिवस संयम पाळून, आणि मधल्या तीन महिन्यांत मोठा ताप आलेला नसताना, हे दोघांनाही एकत्र बसवून सांगितलं.