कोरोना सगळ्यांना होणारच असेल, तर अंतर पाळून काय उपयोग?

हा प्रश्न माझे मोठे दीर चार-पाच वर्षं ऐकवतायत, म्हणून लिहिते.

एप्रिल २०२१ मध्ये मी तालुक्याच्या कोविड सेंटरला सिस्टर होते. ऑक्सिजनचे बेड २०. मार्चअखेर घरात लग्न होतं. मर्यादा ५० माणसांची, पण हळदीला दीडशे पानं उठली. मी नको म्हटलं तर भाऊजी म्हणाले, "होणाऱ्याला होतंच." पंधरवड्यात नवरदेवाचे मामा माझ्याच वॉर्डाच्या दारात, ऑक्सिजन ८२. वीसही बेड भरलेले. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून त्यांना जम्बो सिलिंडर लावला. मिनिटाला १५ लिटरनं सोडला की तो पावणेआठ तासांत संपतो, आणि भरलेले दोनच उरले होते. रात्रभर मी काटा बघत होते. पहाटे चारला ११ नंबरचा बेड रिकामा झाला. कसा झाला ते सिस्टरला विचारू नये.

आता साथीचं शिखर, म्हणजे एकाच वेळी सर्वांत जास्त लोक आजारी असतात तो काळ; बेड कमी पडतात ते तेव्हाच. एक रुग्ण सरासरी अडीच जणांना आजार देत असेल, तर साध्या गणितानं साथ ऐन भरात असताना गावातले २३ टक्के लोक एकाच वेळी बाधित असतात. भेटीगाठी ४० टक्क्यांनी कमी केल्या की अडीचाचे दीड होतात आणि शिखर ६ टक्क्यांवर येतं, तेही उशिरा. एकूण लागणसुद्धा ८९ वरून ५८ टक्क्यांवर उतरते. म्हणजे 'सगळ्यांना होणारच' हे मुळातच चूक आहे.

१९१८ च्या फ्लूत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरानं २८ सप्टेंबरला मोठी मिरवणूक होऊ दिली. सेंट लुईसनं रुग्ण दिसू लागताच शाळा, थिएटरं बंद केली. सर्वांत वाईट आठवड्यातला मृत्युदर फिलाडेल्फियात आठपट होता. बंधनं सैल केल्यावर सेंट लुईसमध्येही साथ पुन्हा चढली, हेही खरं. आणि वरचं गणित सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात असं धरून चालतं, तसं कुठल्याच गावात नसतं. हातावर पोट असलेल्यांचे बंदीत हाल झाले, तेही मी पाहिलेत.

पण हळद म्हणजे पोट नव्हे. मामा वाचले. भाऊजी अजून म्हणतात, "वाचले ना शेवटी?" वाचले, कारण ११ नंबरच्या मावशी त्याच पहाटे गेल्या. त्या हळदीला नव्हत्या. मला भाऊजींकडून एवढंच ऐकायचंय, की ती हळद घरातल्या दहा माणसांत झाली असती.