बोर्ड आउट की नोकरी? सही करण्याआधी डिस्चार्जचं कारण विचारा

प्रश्न : मी सोलापूरचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार. सेवा १६ वर्षं, बेसिक ३७,०००. नियंत्रण रेषेवर सुरुंगस्फोटात डावा पाय गुडघ्याखालून गेला. बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत जखमी) अशी नोंद आहे, अपंगत्व ७० टक्के. युनिट स्टोअरमध्ये बसून काम द्यायला तयार आहे. मेहुणा म्हणतो, घरी या, येणाऱ्या पैशांत अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग टाकू. राहू की येऊ?

हवालदारसाहेब, मागांचं नंतर बघू. आधी पेन्शन.

बेसिक ३७,००० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० मिळून ४२,२००. मेडिकल बोर्डाने तुम्हाला इनव्हॅलिड आउट केलं, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलं (हेच बोर्ड आउट), तर त्याचे निम्मे म्हणजे २१,१०० सर्व्हिस एलिमेंट, अर्थात सेवेबद्दलचा हिस्सा. वॉर इंज्युरी एलिमेंटसाठी, म्हणजे युद्धातल्या जखमेबद्दलच्या हिश्श्यासाठी, ७० टक्के अपंगत्व ७५ धरतात; ४२,२०० चे ७५ टक्के म्हणजे ३१,६५०. एकूण ५२,७५०, वर महागाई भत्ता. हो, बेसिकपेक्षा जास्त. युद्धात जायबंदी झालेल्याला नियमच तसा आहे.

नोकरीत राहिलात, तर २४ वर्षं सेवा होईपर्यंत बेसिक ४६,८०० च्या आसपास जाईल. पण नोकरीत ठेवलेल्यांना वॉर इंज्युरीचा दर १०० ऐवजी ६० टक्के. मिलिटरी सर्व्हिस पे धरून ५२,००० चे निम्मे २६,०००, आणि त्याच ५२,००० च्या ६० टक्क्यांचे ७५ टक्के २३,४००, एकूण ४९,४००. आठ वर्षं जास्त राबून पेन्शन कमी! मधल्या काळात पगार, रेशन, क्वार्टर, मुलांची शाळा मिळते, हे खरं. आठव्या वेतन आयोगाच्या शिफारशी लागू झाल्या तर दोन्हीकडचे आकडे बदलतील.

नुसत्या पैशाने बघितलं तर घरी येणं सरस. पण तेवढ्यावर अर्ज टाकू नका. इथेच बरेच जवान फसतात. बोर्डाने बाहेर काढणं वेगळं आणि काम मिळत असताना 'अनविलिंग', म्हणजे ते करायची इच्छा नाही, असं लिहून देणं वेगळं. तुमचा डिस्चार्ज 'स्वतःच्या विनंतीवरून' धरला गेला आणि ६० टक्क्यांचा दर लागला, तर ५२,७५० चे ४०,०९० होतील. महिन्याला १२,६६० चा फटका, तोही जन्मभर. म्हणून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा : मी अनविलिंग दिलं, तर डिस्चार्ज कोणत्या कारणाखाली होईल आणि वॉर इंज्युरी कोणत्या दराने? उत्तर कागदावर येईपर्यंत कशावरही सही नको. ते अनुकूल आलं तर या. नाही आलं तर स्टोअरची खुर्ची सोडू नका.

१९७१ च्या युद्धात पाय गमावलेल्या मेजर जनरल इयान कार्डोझोंनी पुढे बटालियन आणि ब्रिगेडची कमान सांभाळली, हे तुम्हाला युनिटमध्ये कुणीतरी सांगितलंच असेल. मान आहेच, पण ते अधिकारी होते. तुम्ही सुभेदारसाहेबांना विचारा की लो मेडिकल कॅटेगरीत (वैद्यकीयदृष्ट्या खालच्या श्रेणीत) नायब सुभेदारकीची वाट खरोखर मोकळी आहे का.

राहायचं ठरलं, तर वॉर इंज्युरी एलिमेंटऐवजी एकरकमी भरपाईचा पर्याय समोर येईल. तो घेतलात की निवृत्तीनंतरचा तो हिस्सा कायमचा गेला. मागांसाठी ही रक्कम हाताशी येईल, असं मेहुण्यांना वाटेल. नको. यंत्रमागात सूत रोखीनं घ्यावं लागतं आणि टॉवेलचे पैसे व्यापारी सवडीनं देतो. विजेचं बिल मात्र थांबत नाही. भागीदारी करायचीच असेल तर आधी त्यांच्याकडून गेल्या तीन वर्षांचे जीएसटी रिटर्न मागा. देतात का बघा.

टॅक्सची धास्ती घेऊ नका. २०१९ च्या परिपत्रकानुसार अपंगत्व पेन्शनवरची करमाफी इनव्हॅलिड आउट झालेल्यांनाच आहे. पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे तुमच्या निर्णयात हा मुद्दा फारसा येत नाही.

घरी आलात तरी कृत्रिम पायासाठी पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला अधूनमधून जावं लागेल, तो खर्च आणि वेळ धरून ठेवा. राज्य सरकारच्या अनुदानासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आत्ताच चौकशी करा. रेकॉर्डचं उत्तर आलं की बोर्डाच्या कागदांची प्रत पाठवा, पेन्शन किती विकायची, म्हणजे तिचा किती भाग एकरकमी घ्यायचा, ते तेव्हा ठरवू.