दमलेला असताना काही सोडायचं नाही

लेकरा,

परवा संध्याकाळचा सेट झाल्यावर तू तीन नंबरच्या, पाण्यात उडी मारायच्या ब्लॉकवर टॉवेल डोक्यावर घेऊन अर्धा तास बसला होतास, वॉचमन लाइट बंद करायला दोनदा येऊन माघारी गेला, आणि मग तू एका दमात सगळं बोललास, की सर मी पोहणं सोडतो, तिला पण ब्लॉक करतो, आता फक्त नीट परीक्षेचं बघतो. मी काय म्हणलो? जेव आणि झोप. तुझा चेहरा पडलेला मला दिसला. सरांनी टाळलं असं वाटलं असंल तुला. टाळलं नव्हतं. त्यावेळी नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहायलोय.

दमलेला असताना काही सोडायचं नाही. पोहणं नाही, पोरगी नाही, अभ्यास नाही. सोडायचंच असंल तर सोड, मी अडवणार नाही, पण झोप झाल्यावर, पोट भरलेलं असताना, दिवसाउजेडी सोड.

आता तुझा दिवस बघ. साडेचारला उठतोस, पाच ते सात पाण्यात, मग कॉलेज, ट्यूशन, संध्याकाळी परत चार हजार मीटर, तिथून अभ्यासिका, आणि अकरानंतर तिच्याशी चॅट एक वाजेपर्यंत. झोप किती झाली? साडेतीन तास. तुझ्या वयाच्या पोरांना 8 ते 10 तास झोप लागते असं डॉक्टर लोक सांगतात, त्यात पोहणाऱ्याचं अंग. सकाळची नाडी मी वहीत लिहायला लावतो ते काय उगं? मागच्या महिन्यात तुझी 54 होती, गेल्या आठवड्यात 66, सलग पाच दिवस, तुझ्याच अक्षरात. ते अंग ओरडून सांगायलंय आणि तू त्याच अंगावर बसून आयुष्याचे फैसले करायलास. मला राग येतो रे अशा वेळी. तुझा नाही, त्या घाईचा.

माझं सांगतो. 1995 ला मी सतरा वर्षांचा होतो. औशाजवळच्या गावात विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला पोरगा, पुढं लातूरच्या 25 मीटरच्या स्विमिंग पुलावर दोन वर्षं घासलेला, आणि पहिल्यांदाच बालेवाडीला 50 मीटरच्या पाण्यात 200 मीटर बटरफ्लायला, म्हणजे फ्लायला, उतरलो. 25 च्या पुलावर 200 मीटरला सात टर्न मिळतात, सात वेळा भिंतीला लाथ मारायला मिळते, तेवढाच दंडांना आराम. 50 ला फक्त तीन. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. शेवटच्या 50 ला हात पाण्याबाहेर येईनात. सातवा आलो. 2:34.

त्या काळात माझी पण एक होती. तिची पत्रं यायची. रात्रीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून मी हिशोब लावला की हिच्यामुळं लक्ष उडालं, हिच्यामुळं टाइम गेला. टेंभुर्णीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा रिझल्टच्या कागदाच्या मागं लिहिलं, आता पत्र पाठवू नकोस. चार ओळी. आणि लातूरला उतरल्यावर, पहाटे साडेपाचला, चहासुद्धा न घेता, स्टँडवरच्या लाल पेटीत टाकलं. पेटीचं झाकण खाली पडल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी मला कळलं की चुकलं. हात घालून बघितला, मनगटापर्यंतच जातो. पोहण्याची पिशवी गाडीतच सीटखाली मुद्दाम ठेवून आलो होतो, ती पण गेली. एका रात्रीत दोन्ही.

महिन्याने आमच्या सरांनी बोलावून त्यांची स्प्लिटची, म्हणजे दर 50 मीटरच्या टाइमची, वही दाखवली. 30, 36, 41, 47. पहिले 50 मीटर मी तीस सेकंदात मारले होते, जन्मात कधी मारले नव्हते तेवढे फास्ट, आणि पुढं मेलो. एवढंच झालं होतं. पोरीचा काय संबंध? तिचं तर त्यात काहीच नव्हतं. पण पत्र पोचलं होतं. मी परत लिहिलं, उत्तर आलं नाही, पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. माझा संसार चांगला आहे, बायको चांगली आहे, मी त्याबद्दल रडत नाही. मला अजून लागतं ते हे की मी त्या पोरीला खोटा दोष दिला, आणि तो दोष घेऊन ती गेली.

म्हणून म्हणतो, दमलेला असताना काही सोडायचं नाही.

माझी बायको म्हणते तुम्ही सगळंच पुढं ढकलता, प्लॉटचा निर्णय ढकलला, बदलीचा ढकलला. असंल. प्लॉटच्या वेळी नुकसान झालं हे खरंय. तरी मी पुन्हा तसंच करेन, कारण थांबल्यामुळं गेलेली गोष्ट आणि घाईत फेकलेली गोष्ट, दोन्हीचं दुखणं मी भोगलंय, आणि फेकलेल्याचं जास्त दिवस टिकतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं, आमचा पूल कोरडाठाक, पोहण्याचं नाव काढायची लाज वाटायची. पोरं म्हणली सर, बास आता. मी म्हणलं पाऊस पडेपर्यंत कुणी काही ठरवायचं नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबा रेलिंगला बांधून आम्ही कोरड्यात हात ओढायचो. पाऊस पडल्यावर दोघांनी सोडलंच, हसत सोडलं, आजही भेटतात. बाकीचे पाण्यात आले. सोडलेल्या दोघांबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही.

आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे तुला माहितीय. 2010 च्या एशियन गेम्सला 50 फ्लायमध्ये ब्राँझ, भारताला पोहण्यात 24 वर्षांनी मेडल. पुढं तहसीलदार झाला, पोहणं मागं पडलं, आणि तरी 2018 ला जकार्ताला 50 फ्रीस्टाइलच्या फायनलमध्ये चौथा. ब्राँझ 0.01 सेकंदाने गेलं. नोकरी धरली म्हणून पाणी कायमचं तुटलं असं काही नसतं, एवढंच तुला दाखवायचंय. आणि तो अमेरिकेचा ड्रेसेल, ज्याचे व्हिडिओ तू स्टार्टसाठी रिवाइंड करून बघतोस, टोकियो ऑलिंपिकला पोहण्यात पाच गोल्ड घेतलेला माणूस, 2022 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून मधूनच बाहेर पडला, काही महिने पाण्यापासून लांब राहिला, आणि 2024 ला पॅरिसला परत उतरला. लांब राहणं वेगळं, सोडणं वेगळं. तुला पंधरा दिवस लांब राहायचं असंल तर मी आत्ता सही करून देतो. स्टेटची स्पर्धा गेली तर गेली. हे मी मनापासून बोलायलोय, तुला बरं वाटावं म्हणून नाही.

पोरीचं. तिने रुसायचं कारण काय, तर तू तिचा कॉल चालू असताना झोपी गेलास. अरे मग तिला सांग ना की मी साडेचारला उठतो. तू तिला हे कधी सांगितलंच नाहीस, मला तू तसं कबूल केलंस. तिला वाटतं तुला कंटाळा येतो. सतराव्या वर्षी दोघांनाही काही कळत नसतं, त्यात लाज कसली. रात्री दहाला गुड नाइट म्हण, फोन रूम पार्टनरकडं दे. ब्लॉक कशाला? ब्लॉक म्हणजे माझी लाल पेटीच आहे ती. फरक एवढाच की तुझी उघडता येते, पण समोरच्याला लागलेलं तसंच राहतं.

आता एक गोष्ट, जिथं माझा हा नियम चालत नाही. तू उठता उठता म्हणलास, कधी कधी वाटतं पाण्याखालीच राहावं, वर येऊच नये. सहज बोलल्यासारखं बोललास आणि चप्पल घालायला लागलास. मी ऐकलं लेकरा. तसलं मनात आलं की थांबायचं नाही, झोप होऊ दे म्हणायचं नाही, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी उठवायचं. मला उठव, रूम पार्टनरला उठव, नाहीतर 14416 लाव, टेली मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात. पोहणाऱ्या फेल्प्सचं नाव तर तुझ्या भिंतीवर आहे. 28 ऑलिंपिक मेडल, त्यातली 23 गोल्ड, आणि जगावंसं वाटत नव्हतं हे त्यानेच चारचौघांत सांगितलंय. त्याने मदत घेतली आणि रिओला परत पाच गोल्ड मारली. पहिलवानालासुद्धा ताप येतो तसं हे येतं, औषध घ्यावं लागतं.

आणि मी तुझ्या पप्पांना फोन केलाय. तुला न विचारता. परवाच रात्री, तू गेटबाहेर पडल्या पडल्या. पोरीचं काही बोललो नाही, ते तुझं तू बघ. वर येऊ नये वाटतं, एवढंच सांगितलं. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणले उदगीरहून पहिल्या गाडीने येतो. काल ते तुझ्या रूमवर अचानक का आले ते आता तुला कळलं असंल. राग धर माझ्यावर. महिनाभर बोलू नको. मी रात्रभर विचार केला की चुकलो का, तुझा भरवसा मोडला का, आणि मला तरी वाटतं नाही चुकलो, आणि चुकलो असलो तरी या बाबतीत मी असाच चुकणार. डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय, पप्पा सोबत आहेत, मी पण बाहेर बसतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तू एकटा पाण्यात उतरणार नाहीस, एवढी एक अट.

रविवारी पूल बंद असतो. दहाला ये, पप्पांना घेऊन ये, समोरचं गेट लावलेलं असंल तर पंप हाऊसकडून ये. आमच्या सरांनी ते स्प्लिटचं पान पुढं मला फाडून दिलं होतं, अजून माझ्याकडं आहे, शाई पुसट झालीय पण 47 वाचता येतो. दाखवतो तुला. नाडी मोजून ये, आणि जेवून ये.

तुझा सर