खापरपणजोबांचा माग काढताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा वंशवृक्ष पाहिला. पणजोबांपर्यंत ठीक आहे, पण त्यांच्यावर एकदम पेशव्यांच्या फौजेतला शिलेदार उगवतो आणि मधली माणसं गायब. शिलेदाराला तूर्त बाजूला बसव. आज ज्या जमिनीला तुमच्या घरातलं नाव आहे, तिथून एकेक कागद मागे जायचं.

आधी सातबारा काढ. नावांशेजारी फेरफारांचे आकडे असतात, तीच तुझी वाट. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणी मयत झाल्याची, कुणी विकल्याची, भावाभावांत वाटणी झाल्याची नोंद. बऱ्याच ठिकाणचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, तुझ्या गावचे नसतील तर तहसील कचेरीत नकलेसाठी अर्ज कर. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 सालचा, त्यामुळे फेरफार तुला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच नेतील. त्यामागे मोजणीचे कागद, आणि तुमचं गाव रत्नागिरीकडचं, खोतीचं, म्हणून बोटखत, म्हणजे खोती गावातल्या जमिनींची आणि ती कसणाऱ्यांची नोंदवही. सरकारात सारा भरणार खोत, जमीन कसणार कूळ. तुमची माणसं कूळ असतील तर त्यांची नावं तिथे मिळायची शक्यता जास्त.

वारसाच्या फेरफारावर मात्र सगळी भिस्त ठेवू नकोस. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला असतो. त्याचे भाऊ हयात असूनही कागदावर नसतात. मुलींचं तर विचारूच नकोस. शिवाय नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. म्हातारा गेल्यावर मुलं तलाठ्याकडे कधी गेली, कर्ज काढायची वेळ आली तेव्हा की भांडण झालं तेव्हा, यावर ती ठरते.

खरा मालमसाला खरेदीखतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पुस्तक क्रमांक 1 असतं, त्यात मिळकतीच्या दस्तांच्या नकला. इंडेक्स दोनवर, म्हणजे मिळकतींच्या सूचीवर, गावाचं नाव धरून वर्षवार उतरत जा. दस्त सापडला की रकमेपाशी थांबू नकोस. लिहून देणाऱ्याचं वय पाहा, ‘सुमारे 40’ असलं तरी जन्मसालाचा अदमास येतो. धंदा, जात, राहणार कुठला हेही असतं. बापाचं नाव ‘बिन’पुढे, बाईच्या नवऱ्याचं ‘कोम’पुढे. मग चतुःसीमा वाच, सावकाश. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस पऱ्ह्या म्हणजे ओहोळ, पश्चिमेस तमक्याची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. शेजारच्या तुकड्याचा मालक पुष्कळदा वाटणी होऊन वेगळा झालेला चुलतभाऊच निघतो. साक्षीदारांचंही तेच. परक्या गावचा साक्षीदार दिसला तर तो सासुरवाडीचा असेल का, हे आधी तपास. पैसे कशासाठी घेतले तेही लिहिलेलं असतं: मुलीचं लग्न, जुनं देणं, बापाचं दिवसकार्य. आणि नकलेतल्या सहीचा फोटो काढून ‘खापरपणजोबांचं हस्ताक्षर’ म्हणून भिंतीवर लावू नकोस. हाताने नकला करायच्या काळातली ती पानं कारकुनाच्या अक्षरातली. मूळ दस्त पक्षकाराकडे परत जात असे, म्हणजे असलाच तर तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत.

दस्त नाही सापडला तर व्यवहारच झाला नाही असं समजू नकोस. शंभर रुपयांच्या आतल्या विक्रीची नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून नव्व्याण्णव रुपयांची खरेदीखतं काय कमी झाली!

आता मृत्युपत्र. तू त्याच्याच मागे लागली आहेस, पण गावच्या जमिनीसाठी ते बहुधा मिळणार नाही. मिताक्षरा या जुन्या हिंदू वारसाशास्त्राप्रमाणे एकत्र कुटुंबातल्या माणसाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नसे. ती मुभा 1956च्या हिंदू वारसा कायद्याने आली. म्हणून त्याआधीचं मृत्युपत्र हाती आलंच तर पहिला प्रश्न हा: मिळकत स्वकष्टाची होती, की पोटी मुलगा नव्हता, की माणूस आधीच वाटून वेगळा झाला होता? यातलं काहीतरी बहुधा निघेल, आणि कधीकधी तेवढ्यावर घरातल्या दत्तकाची कुजबुज उलगडते.

तुमचे खापरपणजोबा गिरगावात राहून चार पैसे बाळगून होते म्हणतेस, तर मुंबईकडेही बघ. 1870च्या हिंदू विल्स ॲक्टने मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटचे, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र शाबीत करून घेण्याचे, नियम लागू झाले, त्यामुळे हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी म्हणजे मृत्युपत्रांच्या विभागात त्यांच्या नावाने अर्ज असू शकतो. सोबत मिळकतीची यादी असते. दागिने, येणं-देणं, सगळं. नोंदवलेलं मृत्युपत्र असेल तर ते निबंधकाकडे पुस्तक क्रमांक 3 मध्ये. ते करणारा हयात असेतो नक्कल त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, वारल्यावर कुणालाही. खिडकीवर कुणी नाही म्हणालं तर आवाज चढवू नकोस, नोंदणी कायद्याचं कलम 57 दाखव आणि मृत्यूचा दाखला जोड. इतक्या जुन्या माणसाचा दाखला नसेल तर वारसाचा फेरफार चालतो का, ते विचार.

तारखांचं एकच. शके असेल तर 78 मिळव, फसली म्हणजे जुनं महसुली साल असेल तर 590. साल जानेवारीत सुरू होत नाही, तेव्हा एक वर्ष इकडेतिकडे धर. मोडीचा धसका घेऊ नकोस. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो, पण दस्तांची भाषा साचेबंद. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘खुषीने व अक्कलहुशारीने’ एवढं ओळखता आलं की पान उलगडायला लागतं. उरतात ती नावं.

पहिल्या खेपेत फक्त तीन गोष्टी आण: सर्वात जुना फेरफार, त्यातला जुना सर्व्हे नंबर आणि बोटखताचं पान. फोटो काढताना पानाचा वरचा कोपरा कापू नकोस, आकडा तिथेच असतो. मग बसू.

कळावे, लोभ असावा.