इंटर्नशिपला जाताना घालायचं काय?

प्रश्न: डॉक्टर, पुढच्या आठवड्यात माझी हॉस्पिटलमधली इंटर्नशिप सुरू होतेय. एक सीनियर म्हणतो फॉर्मल शर्ट-पँट आणि वर एप्रन, म्हणजे डॉक्टरांचा पांढरा कोट, दुसरी म्हणते रोज सरळ स्क्रब्ज, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी घालतात ते सैल शर्ट-पायजमे घाल, तिसरा म्हणतो काहीही घाल, कोण बघतंय. शूज, घड्याळ, सगळ्याचंच कन्फ्युजन आहे आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत तेही कळत नाहीये. जरा नीट सांगा ना.

उत्तर: तिसऱ्याचं अजिबात ऐकू नकोस, पेशंट बघतो. २०१८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १० टीचिंग हॉस्पिटल्समधल्या ४ हजारांवर पेशंटना विचारलं होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी डॉक्टरचे कपडे महत्त्वाचे वाटतात असं सांगितलं, आणि एकूणात फॉर्मल कपडे अन् वर पांढरा कोट हेच सगळ्यात जास्त आवडलं, सर्जन आणि इमर्जन्सीच्या डॉक्टरांना मात्र स्क्रब्ज जास्त चालतात असं दिसलं. म्हणजे तुझे पहिले दोन्ही सीनियर आपापल्या जागी बरोबर आहेत, पोस्टिंग, म्हणजे ड्युटी कुठल्या विभागात आहे त्यावर ठरव.

पण माझ्या मते कपडे निवडताना आधी हातांचा विचार करायचा आणि मग दिसण्याचा. घरी जे घालशील ते घालून पलंगावर दोन्ही हात पुढे करून वाक, पोट तपासताना वाकतो तसं. जे जे पलंगाला टेकलं, टाय असो, ओढणी असो, गळ्यातलं आयकार्ड, मोकळे केस किंवा बाहीचं टोक, ते उद्या एका पेशंटच्या ड्रेसिंगला लागून पुढच्याच्या अंथरुणाला लागणार. म्हणून बाह्या कोपराच्या वर, केस बांधलेले, कार्ड छातीला क्लिपने. ब्रिटनमध्ये २००७ साली नियमच जाहीर झाला, पेशंटजवळ जाताना कोपराच्या खाली काहीही नको, घड्याळसुद्धा नको, फार तर एक साधी अंगठी. कारण एकदम साधं आहे, घड्याळ असलं की मनगट धुतलंच जात नाही आणि खडे-नक्षीच्या अंगठीखाली साबण पोचत नाही. आता लांब बाह्यांमुळेच पेशंटला इन्फेक्शन झालं असं थेट सिद्ध करणारा पुरावा फारसा नाहीये हे खरं, बाह्यांवर जंतू सापडतात एवढं मात्र पक्कं आहे, आणि बाह्या दुमडायला काही लागत नाही तर मग वाट कशाला बघायची? पल्स मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ लागतंच, ते छातीला पिनने लावायचं मिळतं ते घे. नखं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेव, चिकटवलेली नखं तर नकोच नको.

एप्रन किमान दोन हवेत, एक अंगावर एक धुवायला. आठवड्यातून एकदा तरी धुवायचाच आणि डाग दिसला तर त्याच दिवशी, पेन-टॉर्च-हॅमर कोंबून खिसे मळून काळे झालेला एप्रन महिनाभर घालून फिरणारे इंटर्न बघितले की मला खरंच त्रास होतो, पांढरा रंग मळ लगेच दिसावा म्हणूनच तर कामाचा आहे. जेवायला जाताना एप्रन काढून ठेव. ऑपरेशन थिएटरमधले स्क्रब्ज तिथेच राहू देत, ते घालून घरी-बाजारात जायचं नाही. आणि स्टेथोस्कोपसुद्धा कपड्यासारखाच अंगावर असतो हे लोक विसरतात, प्रत्येक पेशंटनंतर स्पिरिट स्वॅबने पुसायचा. एमआरआय रूममध्ये पेशंटला न्यायची वेळ आली तर दाराबाहेरच खिसे पूर्ण रिकामे कर, कात्री, पेन, स्टेथो सगळं, तो मॅग्नेट स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो.

पैसे खर्च करायचे तर शूजवर कर. पुढून-मागून बंद, न घसरणारे, ओल्या फडक्याने पुसता येतील असे, कारण हातातून सुई पडली तर ती पायावरच पडते आणि लेबर रूममध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत, फरशीवर काय काय सांडतं ते तू बघशीलच. क्रॉक्ससारखे भोकांचे क्लॉग्ज, सँडल, कापडी शूज नकोत. बॅगेत मोज्यांचा एक जोड आणि कपड्यांचा एक सेट कायम ठेव, रक्त उडालं तर पुढचे तास त्याच कपड्यात काढावे लागू नयेत. महागड्या ब्रँडचे स्क्रब्ज घेऊ नकोस, जे गरम पाण्यात रोज धुतलं तरी टिकेल ते चांगलं.

प्रश्न: मी पण इंटर्न आहे, मुलगी. एप्रन आणि स्टेथो असूनही पेशंट मला सिस्टर म्हणतात आणि माझ्या बरोबरच्या मुलाला डॉक्टर. अजून फॉर्मल कपडे घालू का?

उत्तर: नको गं, कपडे बदलून हे फारसं सुटत नाही. मोठ्या अक्षरात ‘डॉक्टर’ लिहिलेला बॅज छातीवर लाव, आणि कॉटजवळ गेल्यावर आधी नाव सांग, मी डॉक्टर अमुक, आज तुम्हाला मी बघणार आहे. केट ग्रेंजर नावाची ब्रिटिश डॉक्टर स्वतः कॅन्सरची पेशंट म्हणून अ‍ॅडमिट होती तेव्हा तिच्या लक्षात आलं की तपासायला येणारे कितीतरी जण आपलं नावच सांगत नाहीत, मग २०१३ मध्ये तिने त्यासाठी मोहीमच सुरू केली. तरीही कोणी सिस्टर म्हणालंच तर चिडू नकोस, शांतपणे परत एकदा सांग आणि कामाला लाग. आणि तो बॅज लोंबत्या दोरीवर नको, दोरीवरचं कार्ड नेमकं उलटं फिरतं आणि नाव कुणाला दिसतच नाही.