एका अडकित्त्यापाशी वीस मिनिटं

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याला पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात नेलं. सगळी दालनं पाऊण तासात उरकून तो बाहेर आला आणि म्हणाला, "आई, हे फोनवर याहून मोठं दिसतं. आणि यातून मला मिळणार काय?" मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः कॉमर्सची. आमचं कुठे चुकलं? — एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, चुकलं एवढंच की तुम्ही सगळं बघायला गेलात. हे संग्रहालय उभारणाऱ्या दिनकर केळकरांनी जमवलेल्या वस्तू वीस हजारांच्या वर आहेत. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, पण त्यासुद्धा एका दुपारी बघून होत नाहीत.

मी 29 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सुरुवातीच्या सहली मीही तशाच नेल्या. दोन-दोनच्या रांगा, हात लावू नका, पुढे चला, वहीत दहा वस्तूंची नावं लिहा. मुलं नावं लिहायची आणि वस्तू बघायचीच नाहीत. एका वर्षी पावसामुळे बसला उशीर झाला आणि आम्ही घोडा, पोपट अशा आकारांत घडवलेल्या अडकित्त्यांच्या कपाटापाशी थांबून राहिलो. पाच-सात मिनिटांनी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, सुपारीच कातरायची, तर त्याला घोडा कशाला?" इतक्या सहलींमध्ये मुलांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला खरा प्रश्न. त्यानंतर मी दहा वस्तूंची यादी कधीच दिली नाही.

तुमचा मुलगा सायन्सचा आहे, तर त्याच अडकित्त्यापासून सुरुवात करा. खीळ एका टोकाला, सुपारी मधे, मुठीचा जोर दुसऱ्या टोकाला. पुस्तकातली दुसऱ्या प्रकारची तरफ ती हीच. सुपारी खिळीच्या जितकी जवळ, तितका जोर कमी लागतो, हे घडवणाऱ्याच्या हाताला ठाऊक होतं. इथपर्यंत तो तुम्हालाच समजावून सांगेल. मग त्याला त्या मुलीचा प्रश्न विचारा. तरफेला घोडा लागत नाही, पोपट लागत नाही, एकमेकांकडे बघणारं जोडपंही लागत नाही. तरी कुणीतरी ते घडवलं आणि कुणीतरी त्याचे जास्तीचे पैसे मोजले. का? याचं एकच एक उत्तर नाही, आणि तो तिथे जितका वेळ उभा राहील तितकी त्याला नवी उत्तरं सुचतील. माझी आजी जेवणानंतर ओसरीवर सुपारी कातरायची, तेव्हा तो कट्-कट् आवाज ऐकून शेजारच्या बायका येऊन बसायच्या. घरातल्या ज्या गोष्टी आतल्या खोलीत बोलता येत नव्हत्या, त्या तिथे बोलल्या जायच्या. मला तरी वाटतं, ज्या वस्तूभोवती माणसं जमतात ती नुसती कामापुरती राहत नाही, तिला कुणीतरी सजवतंच.

वजरीचंही तसंच. आंघोळीच्या वेळी टाच घासायची ती पितळी वस्तू. खालचा भाग खरखरीत, तो कामाचा. वर मात्र पक्षी, हत्ती. दिवसभर राबलेल्या बाईला स्वतःसाठी मिळणारा वेळ तेवढाच, आणि त्या वेळात हातात काहीतरी देखणं असावं असं कुणाला तरी वाटलं. या कपाटापाशी मला दर वेळी गलबलून येतं.

आता फोनचं. चित्र मोठं दिसतं हे खरं. पण फोनवर वजरी आणि वाड्याचा दरवाजा एकाच मापाचे होतात. समोर उभं राहिलं की कळतं, ही माझ्या मुठीत मावेल आणि त्या दारातून जाताना मला वाकावं लागलं असतं. ते माप आपल्या अंगानेच घ्यावं लागतं.

त्याला केळकरांविषयीही सांगा. चष्म्याच्या दुकानाचा व्यवसाय, 'अज्ञातवासी' या नावाने कविता, आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने देशभर हिंडून गोळा केलेली ही घरगुती भांडीकुंडी. 'राजा' हा कुठला राजा नव्हे. तो त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. हे कळल्यावर दारावरची पाटी पूर्वीसारखी वाचता येत नाही.

पुढच्या वेळी सुट्टीच्या गर्दीत जाऊ नका. एकच कपाट निवडा, वीस मिनिटं द्या आणि त्याला पेन्सिलीने एक वस्तू काढायला सांगा. चित्र वाईट आलं तरी चालेल. काढताना नजर हलत नाही, तेवढंच हवं आहे. निघताना मस्तानी महाल दाखवा. तो तुमच्या कोथरूडहून आणून इथे उभा केला आहे, म्हणजे ते तुमच्याच गावचं घर.

प्रश्न : वय 68. सून सवाई गंधर्व महोत्सवाचं तिकीट काढते म्हणाली आहे. मला राग ओळखता येत नाहीत. जाणकारांमध्ये अवघडल्यासारखं होईल. जाऊ का? — एक आजोबा, धनकवडी

उत्तर : आजोबा, नक्की जा, आणि भारतीय बैठकीत गुडघे दुखणार असतील तर खुर्चीचं तिकीट काढायला सांगा. भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, तेव्हापासून तिथे राग न ओळखणारे पुष्कळ जण येत आले आहेत. मी त्यांच्यातलीच. माझे वडील मला प्रथम घेऊन गेले तेव्हा त्यांनी एकच सांगितलं होतं, तबल्याची सम धर. तीनतालाच्या सोळा मात्रा फिरून पहिलीवर आल्या की गाणारा तिथे येऊन मिळतो आणि अख्ख्या मांडवाच्या माना एकदम हलतात. दोन-चार आवर्तनांनी तुमचीही हलेल.

आणि थोडं लवकर जाऊन बसा. गाण्याआधी तंबोरे लागतात तेव्हा लोक चहाला उठतात; तुम्ही उठू नका. वाजवणारा तारेखालचा सुती दोरा घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, केसभर सरकवतो, मग अजून केसभर, आणि मघापर्यंत साधी वाजणारी तार एकाएकी गुंजायला लागते. जवारी लागली म्हणतात ती हीच. सुनेलाही शेजारी बसवून ऐकवा.